सांडव्यावरची भिंत

माझी मोठी जाऊ सरपंच झाली तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल तर तो मला. आमची दोन घरं एकाच अंगणात, मध्ये एक शेवग्याचं झाड, बस. तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळतं आणि माझ्या घरात कोण कोणावर ओरडलं ते तिला न विचारता कळतं. तिचं शिक्षण सातवीपर्यंत, पण हिंमत अशी की गावची नळयोजना बंद पडली तेव्हा बायकांना घेऊन ती थेट तालुक्याच्या कचेरीच्या दारात जाऊन बसली आणि नळाला पाणी येईपर्यंत तिथल्या साहेबांना सुखाने जेवू दिलं नाही. मी आरमोरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मला वाटलं, आता सरपंच घरातलीच आहे, तर निदान तलावाचं तरी भलं होईल. इतकी साधी मी कशी, याचा मला अजून राग येतो.

आमचा तलाव म्हणजे जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, काळातला. एका बाजूला मातीची उंच पाळ, तिच्यावर चिंचा आणि जांभळं. पाळीजवळ पाणी खोल. तिथून जंगलाच्या बाजूला जावं तसं पाणी उथळ होत जातं, इतकं की पावसाळ्यात तलाव कुठे संपला आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, कुठे सुरू झाल्या ते सांगता येत नाही. पाळीच्या टोकाला सांडवा. तलाव भरला की जादाचं पाणी त्या सांडव्यावरून, ओबडधोबड दगडांच्या उतारावरून खाली नाल्यात जातं आणि नाला पुढे वैनगंगेला मिळतो.

लोकांना हा सांडवा म्हणजे पाणी बाहेर जाण्याची वाट वाटते. ती आत येण्याचीही वाट आहे. पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की नाल्यातले मासे उलटे, पाण्याच्या धारेविरुद्ध, दगडांमधून अंग घासत वर चढतात आणि तलावात शिरतात. मरळ, शिंगी, टेंगरा, बोटाएवढे चकचकीत मासे, ज्यांना आमच्याकडे कोणी धड नावसुद्धा देत नाही. ते वर येतात ते उथळ काठासाठी. तिथे देवधान उगवलेलं असतं, म्हणजे आपल्या धानाचा रानटी भाऊ, कोणी न पेरता येतो. कमळ असतं, शिंगाडा असतो, पाण्याखाली शेवाळासारखं मऊ गवत असतं. माशांची अंडी त्या गवताला चिकटतात, पिल्लं त्यातच लपतात. मरळ तर मोठी प्रेमळ. नर-मादी दोघं मिळून पिल्लांना राखतात. लालभडक पिल्लांचा एक गोळा पाण्यावर फिरत असतो आणि त्याच्या खाली आई-बाप. बेडूक जवळ आला तरी अंगावर धावून जातात.

मी माहेरची चामोर्शीची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला गावात कोणी ओळखीचं नव्हतं, म्हणून रविवारी मी पाळीवर जाऊन बसायची. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं, इथे डोळ्यांनी पाहिलं. मला या तलावाने पहिलं वर्ष निभावून नेलं, असं म्हटलं तरी चालेल.

तर एक दिवस माझी जाऊ संध्याकाळी अंगणात येऊन म्हणाली, "मॅडम, खुशखबर आहे. तलावाचं काम मंजूर झालं." ती मला मॅडमच म्हणते. त्यात थोडा मान असतो आणि बराच चिमटा.

मी म्हटलं, "खरंच? मंग बेशरम काढून टाकाल ना बाई?"

बेशरम ही झुडपी वनस्पती तलावाच्या कडेला माजली होती. जांभळी फुलं, गुरं तोंड लावत नाहीत, फांदी तोडून फेकली की जिथे पडेल तिथे मूळ धरते. तिने शिंगाड्याची अर्धी जागा खाल्ली होती.

"सगळं साफ करून राह्यलो," ती म्हणाली. "खोलीकरण, दगडी काठ, पायऱ्या, लाइटा. आपला तलाव आता शहरातल्यासारखा दिसन."

शहरातला तलाव मी पाहिला आहे, चारी बाजूंनी दगड आणि मध्ये हिरवं पाणी.

आठवड्याभराने साहेब आले. तरुण इंजिनिअर, बोलायला अतिशय गोड. जीपच्या बोनेटवर त्यांनी नकाशा पसरला. त्या नकाशात आमचा तलाव ताटासारखा गोल होता आणि सगळीकडून सारखाच खोल. मी विचारलं, "हा जंगलाकडचा उथळ भाग कुठे गेला?"

"तो काढायचाय मॅडम. तिथे नुसतं गवत आहे. जागा वाया जाते."

"साहेब, तिथेच मासे अंडी घालतात."

"मग आता खोल पाण्यात घालतील ना!" ते हसून म्हणाले. "पाणी जास्त म्हणजे मासे जास्त."

मी त्यांना समजावलं. गवत नाही तर अंडी चिकटणार कशाला, काठाला उतार नाही तर पिल्लं लपणार कुठे, सगळं सांगितलं. ते इतक्या शांतपणे मान हलवत होते की मला वाटलं, पटलं. मी थांबल्यावर ते म्हणाले, "तुमचा अभ्यास छान आहे मॅडम," आणि नकाशाची गुंडाळी केली.

नकाशात आणखी एक गोष्ट होती, जी मी त्या दिवशी नीट पाहिली पण तिचा अर्थ माझ्याशिवाय कोणाला लागला नाही. सांडव्याच्या दगडी उतारावर एक सरळ उभी सिमेंटची भिंत दाखवली होती. तलावात पाणी जास्त साठावं म्हणून. मी म्हटलं, "ही भिंत बांधली तर मासे वर येणार कसे?" साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी मला पंख हवेत असं म्हणाले.

मला वाटलं, मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष तरी माझ्या बाजूने उभे राहतील. साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलण्याची प्रचंड आवड. तलावाचा मासा त्यांच्या संस्थेचा. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मरळ नाई पाहिजे आमाले. मरळ आमचं बीज खाते."

बीज म्हणजे रोहू-कतल्याची पिल्लं. ते मासे साचलेल्या तलावात अंडी घालत नाहीत, त्यांना नदीचं वाहतं पाणी लागतं. म्हणून संस्था दरवर्षी पिल्लं विकत आणते, सोडते आणि मोठी झाली की काढते. मरळ ती खाते हे खरंच आहे.

"भाऊ, पण शिंगी, टेंगरा, बारीक मासे? ते तर फुकट येतात. दरवर्षी, आपल्या आपण."

"बारीक माशाले काय करता? काटे लय. गाडी भरून नागपूरले जाते थो रोहू." त्यांनी हात असा पसरला की माझा चहा सांडता सांडता राहिला.

"आणि ज्या बायका पाण्यात उभ्या राहून टोपल्याने बारीक मासे धरतात त्यांनी काय खायचं?"

"त्याईले म्हणा रोहू घ्या."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो वर्तमानपत्रात डोकं घालून म्हणाला, "मले यात ओढू नको. तिकडे वहिनी, इकडे तू. मले दोन्हीकडे जेवाचं आहे."

ग्रामसभा विहारासमोरच्या पटांगणात भरली. मी बोलायला उभी राहिले आणि माझी जीभ शाळेतलीच झाली. परिसंस्था म्हणाले, अन्नसाखळी म्हणाले, प्रजनन म्हणाले. हा शब्द निघाल्यावर मागच्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. एक जण उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, सीधं सांगा, तुमाले तलाव पाहिजे का डबकं?" सगळं पटांगण हसलं. माझी जाऊ खुर्चीवर बसून गंभीर चेहरा करायचा प्रयत्न करत होती, पण तिच्या गालावरची खळी मला दिसत होती. हात वर झाले. खोलीकरण मंजूर.

उन्हाळ्यात जेसीबी आले. गाळ ट्रॅक्टर भरभरून शेतात गेला, ते चांगलंच झालं, जमिनीला गाळ लागतो. पण मग ते जंगलाच्या बाजूला वळले. देवधानाची मुळं, कमळाचे कंद, सगळं उपसून ढीग केले. पाण्याच्या काठाचा उतार जाऊन तिथे उभी कड आली, तिच्यावर दगड बसवले. आणि बेशरम? बेशरम तोडली खरी. तोडून तिच्या फांद्या तलावाच्या वरच्या अंगाला ओल्या मातीत फेकून दिल्या. मी धावत जाऊन जेसीबीवाल्याला म्हटलं, "अरे, जाळा ती. ती तिथेच उगवेल." तो म्हणाला, "मॅडम, मला इथपर्यंतचंच सांगितलंय." पावसाळ्याआधीच तिला हिरवे कोंब फुटले होते. ज्या एका झाडाला जायला हवं होतं ते एकटंच राहिलं.

सांडव्यावर भिंत झाली. पाळीवर रंगीत फरशा झाल्या, रेलिंग झालं, आणि रेलिंगच्या मधोमध लाल बदाम काढून त्याखाली गावाचं नाव लिहिलेला एक बोर्ड झाला. तिथे उभं राहून फोटो काढायचा. उद्घाटनाला माझ्या जावेने नवी जांभळी साडी नेसली. तिने मला ओढत नेऊन त्या बदामासमोर उभं केलं. तो फोटो तिच्या घरात दारासमोरच लावला आहे. त्यात ती हसते आहे आणि माझा चेहरा असा आहे जसा दाताच्या डॉक्टरकडे असतो.

पाऊस त्या वर्षी चांगला झाला. तलाव भरला, नव्या भिंतीच्या वर चढला आणि सरळ धार धरून खाली पडू लागला. मी शाळेतून येत होते तर सांडव्याकडे जत्रा भरल्यासारखी गर्दी. आधी वाटलं, कोणी बुडालं. मी धावत गेले.

भिंतीच्या पायथ्याशी पाणी नुसतं उकळत होतं. मासे. नाल्यातून वर आलेले सगळे मासे भिंतीला येऊन अडले होते. उडी मारत होते, भिंतीवर आपटत होते, खाली पडत होते, पुन्हा उडी मारत होते. आणि लोक गुडघाभर पाण्यात उतरून त्यांना बादलीने भरत होते. जाळ्याचीही गरज नव्हती. कोणी मच्छरदाणी आणली होती, कोणी साडी, एकाने तर घरचं टीव्हीचं खोकं आणलं होतं. ओरडा, हसणं, घसरणं. "इतके मासे तं आमच्या बापानं नाई पाह्यले!" असं एक जण मला आनंदाने म्हणाला.

मी ओरडले. खरंच ओरडले, शाळेत कधी ओरडत नाही तशी. "सोडा त्यांना! पोटात अंडी आहेत त्यांच्या! पलीकडे टाका, तलावात टाका!" पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. ज्यांना गेलं त्यांना वाटलं, मॅडमला पण पाहिजेत. एका बाईने प्रेमाने माझ्या पर्सवरच एक जिवंत शिंगी ठेवली. शिंगीचा काटा लागला तर हात सुजतो. मी पर्स फेकून दिली. डबा, पेन, मुलांचे तपासलेले पेपर, सगळं पाण्यात. शिंगी निसटून गेली तेवढंच बरं झालं.

संध्याकाळी माझी जाऊ घमेलं घेऊन माझ्या ओट्यावर आली. घमेल्यात दोन मोठ्या मरळी, पोटं फुगलेली. "घे. खास तुह्यासाठी काढून ठेवल्या. तूच म्हणे मासे नाई येणार. पाह्य, भिंत बांधली तं किती आले!"

मी तिला काय नाही बोलले! मी म्हटलं, "बाई, हे यावर्षीचे शेवटचे आहेत. तुम्ही दारात उभं राहून पाहुण्यांना मारलं आहे." मी म्हटलं, "तुम्हाला बदाम दिसतो, पोटातली अंडी दिसत नाहीत." आणखीही बोलले.

ती घमेलं हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "मी दिवसभर उभी होती तिथी, कोणी पोट्टं वाहून नको जाव म्हणून. मासे मारले तं मी मारले का? गावानं मारले. अन् तू मले शिकवून राह्यली? माह्याच अंगणात?" आणि घमेलं तिथेच ठेवून निघून गेली.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. एका अंगणात राहून बोलणं बंद ठेवणं किती कटकटीचं असतं! मीठ संपलं तर मी नवऱ्याला पाठवायची, तिला शेवग्याच्या शेंगा काढायची काठी हवी असेल तर ती मोठ्याने झाडाला सांगायची. नवरा वैतागला. मोठे दीर तर सरळ शेतावर मुक्कामाला गेले. आणि त्या मरळी? टाकून देणं माझ्याच्याने झालं नाही. रांधल्या. अंबाडी घालून, माझ्या आईसारख्या. चांगल्या झाल्या होत्या, याचाच जास्त संताप आला.

हिवाळ्यात मी म्हटलेलं सगळं एक एक करून खरं होत गेलं आणि मला त्यात काही सुख मिळालं नाही. उथळ पाणी नाही म्हणून बदकं फारशी उतरली नाहीत. कमळाच्या पानांवर चालणारे लांब बोटांचे पक्षी दिसेनात, कारण पानंच नव्हती. म्हशींना उभ्या काठावरून उतरता येईना. एक उतरली ती वर येईना, तिला दोर लावून अर्ध्या गावाने ओढलं. गवत नाही म्हणून पाणी हिरवं, दाट झालं, काठाशी वास यायला लागला. संस्थेच्या अध्यक्षांचा रोहू मात्र वाढला. ते मला भेटले की छाती काढून सांगायचे. पण ज्या बायका टोपली घेऊन पाण्यात उभ्या राहायच्या त्या रिकाम्या टोपल्या घेऊन परत यायच्या. काही दिवसांनी त्यांनी येणंच सोडलं. आणि रोहू कुणी त्यांना नेऊन दिला नाही.

एकदा दुपारी माझी जाऊ झाडाला म्हणाली, "यंदा झिंगे नाई दिसून राह्यले बापा. वांग्यात झिंग्याबिगर मजा नाई." झाडाने उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. ओठ इतके आवळले की दुखले.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस आदल्या वर्षीपेक्षा जास्त होता. मी त्या दिवशी शाळेत गेले नव्हते, रस्ता बंद होता. सकाळीच अंगणात पाच-सहा शेतकरी येऊन उभे राहिले, डोक्यावर पोत्याच्या खोळी. तलावाच्या वरच्या अंगाला ज्यांच्या बांध्या होत्या ते. सांडव्याला भिंत घातल्यामुळे पाणी उंच चढलं होतं आणि त्यांच्या बांध्यांत मागे सरकलं होतं. नुकतंच लावलेलं रोवणं, भाताची कोवळी रोपं, पाण्याखाली. त्यांच्यात माझ्या जावेचा सख्खा भाऊ होता.

"बाई," तो म्हणाला, "तुह्या तलावानं माह्यं रोवणं बुडवलं. आता तू पाह्य काय कराचं ते."

माझी जाऊ घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सब्बल होती, लोखंडी पहार. दोन शेतकऱ्यांनी घण घेतले. जाताना ती माझ्या दारासमोर थांबली आणि वर्षभरात पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "चाल. तुले लय हौस होती ना."

मी तशीच चपला घालून निघाले. वाटेत मी म्हटलं, "बाई, साहेबांना विचारलं का? सरकारी काम आहे."

"साहेब पाण्यात उभा आहे का माह्या भावाच्या बांधीत?"

सांडव्यावर पोहोचलो. दोर कमरेला बांधून दोघं जण भिंतीवर उतरले. मी म्हटलं, वरून थोडी थोडी तोडा, एकदम नको, नाहीतर खालच्या बांध्या वाहून जातील. इतक्या दिवसांत कोणी ऐकलेलं माझं हे पहिलं वाक्य. एका बाजूने त्यांनी सिमेंट फोडायला सुरुवात केली. भिंत वाटली होती त्यापेक्षा फुसकी निघाली, आत वाळूच जास्त. सब्बल घातली की भगदाड. पाणी त्या जागेतून वळलं, जोरात गेलं आणि भिंतीखाली दडलेले जुने दगड पुन्हा दिसायला लागले. दुपारपर्यंत भिंतीचा एका बैलगाडीएवढा तुकडा गेला होता आणि बांध्यांतलं पाणी उतरायला लागलं होतं. शेतकरी खूश होऊन घरी गेले. आम्ही दोघी छत्रीखाली बसून राहिलो, कारण तिच्या पायाला मोच आली होती आणि ती कबूल करत नव्हती.

पावसाचा जोर कमी झाला. ती अचानक म्हणाली, "थे पाह्य."

तुटलेल्या जागेतून पाणी दगडांवरून पसरून, पातळ होऊन वाहत होतं. त्यात काही हललं. एक टेंगरा दगडाला चिकटून थांबला, दम घेतला, वर सरकला. मग आणखी. मग बोटाएवढ्या माशांचा एक घोळका एकत्र, चांदीची चिल्लर उधळावी तसा. मग एक मरळ, काळी, जाड, अर्धं अंग पाण्याबाहेर, सापासारखी वळत वळत. दोन दगडांमध्ये ती अडकली. माझी जाऊ लंगडत उठली, तिला वाटलं ती धरावी. तिचा हात पुढे गेला, मी पाहिलं. मग तिने पायाच्या अंगठ्याने तो दगड थोडा सरकवला. मरळ गेली वर.

"अंडी होती का इच्या पोटात?" तिने विचारलं.

"बहुतेक."

"मंग जाऊ दे."

मला रडायला आलं आणि त्याच वेळी तिला हलवून हलवून विचारावंसं वाटलं की बाई, दोन वर्षं मी हेच सांगत होते, तेव्हा तुमच्या कानाला काय झालं होतं? माझं सगळं विज्ञान एका बाजूला, आणि तिच्या भावाचं बुडालेलं रोवणं एका बाजूला. भिंत रोवण्यासाठी तुटली. मासे नुसते त्या उघड्या दारातून आत घुसले. पण मी काही बोलले नाही, कारण आमचं बोलणं नुकतंच सुरू झालं होतं.

साहेब आले, चिडले. कारवाई करावी लागेल म्हणाले. माझ्या जावेने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाली, "करा. पण आधी थे वाळू पाहा, भिंतीतली." त्यावर कारवाईचा विषय कसा निघून गेला ते कळलं नाही. सांडव्यावर नंतर जुन्या दगडांचाच उतार झाला.

जंगलाच्या बाजूला दगडी काठ तसाच आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही काही बायकांनी मिळून त्याचा एक तुकडा उकरून काढला आणि माती ओढून उतार केला. शेजारच्या गावच्या तलावातून कमळाचे कंद आणि देवधानाचं बी आणून लावलं. थोडं जगलं, बरंच गेलं. बेशरम मात्र आम्ही उपटतो आणि ती येते, आम्ही उपटतो आणि ती येते. टोपलीवाल्या बायकांपैकी काही परत आल्या आहेत. पूर्वीइतकं मिळत नाही म्हणतात, पण रिकामं येत नाही. अध्यक्ष माझ्यावर रागावले आहेत. त्यांच्या मते या वर्षी बीज मरळींनी खाल्लं, आणि त्या मरळी मी बोलावल्या.

आणि माझी जाऊ? तिने तलावातले देशी मासे वाचवले, अशी आता तालुक्यात तिची ख्याती आहे. गेल्या महिन्यात तिला सरपंचांच्या एका मेळाव्यात बोलायला बोलावलं. भाषण मीच लिहून दिलं. ते तिने घरीच ठेवलं आणि तिथे जाऊन सांगितलं, "मी पह्यल्या दिवसापासून म्हणत होती, भिंत नको. पण साहेब लोकं बाईचं ऐकत नाई." टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "किती दूरदृष्टी आहे हो तुमच्या जाऊबाईंना!" मी म्हटलं, "हो ना."

परवा पुन्हा एक नवे साहेब नकाशा घेऊन आले. तलावात बोटिंग करायचं म्हणतात. बोटी फिरायला पाणी मोकळं लागतं, तेव्हा कमळं काढावी लागतील. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. अंगणातून जावेचा आवाज आला, "मॅडमले विचारा. मासे-बिसे, कमळं-बिमळं, थे सगळं तिच्याकडे आहे." मग हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल इतक्या, "पण एक बोट ठेवा म्हणा साहेब. लाल रंगाची."

मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले.